गाव सुटले, पण गावाचे मत सुटले का?

वाचक हो, निवडणूक जाहीर झाली की साकीनाक्याच्या आमच्या गल्लीत एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे बुद्धविहाराच्या ओट्यावर जमतात. चहा येतो. बोलणे पाण्याच्या नळावरून सुरू होते आणि उमेदवारावर येते. तिथपर्यंत सगळे एक असतात. पण मत कुणाला, हा प्रश्न निघाला की ओट्यावर बसलेली माणसे न सांगता वेगळी होतात. रत्नागिरी-रायगडकडचे एका बाजूला, सातारा-सांगलीकडचे दुसऱ्या बाजूला, जालना-परभणीकडचे तिसऱ्या बाजूला. अकोला-अमरावतीकडचे एकदोन घरवाले असतात, ते गप्प राहून आपले मनातले पक्के करून उठतात.

गेल्या निवडणुकीच्या वेळी ओट्यावरच्या एका वयस्क काकांना आम्ही सरळ विचारले, "काका, तुमचा हा उमेदवार कधी आपल्या गल्लीत आला होता का?" काका म्हणाले, "आला नाही. पण आमच्या गावकीचं मत पहिल्यापासून तिकडंच आहे." काकांनी गाव सोडले त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. गावच्या घराचे वासेसुद्धा आता राहिलेले नाहीत. पण गावकीचे मत मात्र खैरानी रोडवर येऊन पोचलेले आहे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. वर्षाच्या सुरुवातीला नवी खातेवही उघडली की पहिल्या ओळीत मागील बाकी लिहायची, हा आमचा रोजचा धंदा. पण मागील बाकी लिहिताना ती तपासून घ्यावी लागते. न तपासता पुढे ओढली तर चूक वर्षानुवर्षे तशीच पुढे जाते. मताचेही असेच होते काय, हा या लेखाचा विषय आहे.

अमेरिकेतही तेच

हे फक्त आपल्याच समाजात आहे असे समजून कोणी लाजण्याचे कारण नाही. जगातली सर्वात श्रीमंत लोकशाही म्हणवणाऱ्या अमेरिकेतही पूर्वजांचे गाव मतपेटीपर्यंत येते.

डेव्हिड हॅकेट फिशर या अमेरिकन इतिहासकाराने १९८९ साली 'अल्बियन्स सीड' नावाचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. इंग्रज लोक अमेरिकेत गेले ते एकाच ठिकाणाहून आणि एकाच वेळी गेले नाहीत. १६२९ ते १६४० या काळात पूर्व इंग्लंडमधले कडक धार्मिक प्युरिटन लोक मॅसॅच्युसेट्सला गेले. दक्षिण इंग्लंडमधले जमीनदार आणि त्यांचे नोकर व्हर्जिनियात गेले. क्वेकर पंथाचे शांतताप्रिय लोक पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला गेले. आणि १७१८ नंतर स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि आयर्लंडच्या उत्तर भागातले सरहद्दीवरचे लढाऊ, गरीब लोक अॅपलेशियन डोंगरात जाऊन राहिले. प्रत्येकाने आपली बोली, आपली घरे बांधण्याची रीत, आपले लग्नाचे नियम आणि सरकारकडे बघण्याची आपली दृष्टी बरोबर नेली. एकाला वाटे, गावाने मिळून शाळा काढावी, कर द्यावा. दुसऱ्याला वाटे, सरकारने आपल्या दारात येऊच नये. तीनशे वर्षांनंतरही त्या भागांच्या राजकारणात या जुन्या सवयी दिसतात, असे फिशर दाखवतो.

परंतु यात एक मेख आहे, ती आपण ध्यानात घ्यावी. सवय तीच राहिली तरी पक्ष बदलतात. व्हरमाँट या प्युरिटनांच्या भागातल्या राज्याने १८५६ ते १९८८ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला कौल दिला, अपवाद फक्त १९६४ चा. तेच राज्य १९९२ पासून सतत डेमोक्रॅटिक पक्षाच्या मागे आहे. उलट अॅपलेशियन डोंगरातले वेस्ट व्हर्जिनिया राज्य पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट होते. तिथे कोळशाच्या खाणी होत्या आणि खाणकामगारांची मजबूत युनियन होती. खाणी आटल्या, युनियन खचली, आणि २००० सालापासून ते राज्य अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकनांकडे गेले ते आजपर्यंत. म्हणजे पूर्वजांचा वारसा असतोच, पण त्याला दिशा देणारे काम, पोट आणि संघटना हेही असतात. हा मुद्दा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

गुलामांच्या नातवंडांनी काय केले?

आपल्याला जवळचे उदाहरण मात्र गोऱ्यांचे नाही, काळ्या बांधवांचे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांची हार्लेम ही वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे अमेरिकेतल्या काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही १९६६ च्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन.

काळ्यांना मताचा हक्क १८७० च्या घटनादुरुस्तीने मिळाला. गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन पक्षाचा, म्हणून काळ्यांचे मत साठ-सत्तर वर्षे रिपब्लिकनांना. बापाने लिंकनला मानले म्हणून मुलाने मानले. पण दक्षिणेतल्या राज्यांनी मतदानावर कर बसवला, वाचनाच्या परीक्षा लावल्या आणि हा हक्क कागदावरच ठेवला. मग १९२९ ची मंदी आली. रूझवेल्टच्या डेमोक्रॅटिक सरकारने कामे काढली, काळ्यांच्या हाताला काम मिळाले, आणि १९३६ साली काळ्यांचे बहुसंख्य मत डेमोक्रॅटांकडे गेले. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाल्यावर ते आणखी पक्के झाले.

गंमत पाहा. हाच डेमोक्रॅटिक पक्ष दक्षिणेत गुलाम बाळगणाऱ्यांचा पक्ष होता. तरी काळ्यांनी बापजाद्यांचा पक्ष सोडला. पण सोडला तो विस्कटून नव्हे. चर्चमध्ये बसून, चर्चा करून, एकत्र सोडला. २०२० साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत जो बायडन मागे पडले होते. साउथ कॅरोलिना राज्यातल्या काळ्या मतदारांनी त्यांना उचलून धरले आणि लढतीचे चित्र पालटले. एकजुटीच्या मताचा हा भाव असतो.

आणि हो, आपला शेजारी गाव सोडून अमेरिकेला गेला तरी जात बरोबर नेतो, हेही तिथे दिसून आले. सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. कॅलिफोर्निया राज्यात तसाच कायदा विधिमंडळाने संमत केला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरने तो अडवला. त्या वादात भारतातून गेलेले लोकच दोन बाजूंना उभे होते.

चार वाटांनी आलेला एक समाज

आता आपल्या ओट्यावर परत येऊ. आपण सारे बौद्ध, सारे जयभीमवाले. मग ओट्यावर तीन-चार बाजू का पडतात? कारण आपण मुंबईला आलो ते चार वेगवेगळ्या वाटांनी, आणि प्रत्येक वाटेवरचे दुःख निराळे होते.

कोकणातल्या माणसाचे दुःख खोत. जमीन खोताची, घाम आपला. पण कोकणाला पलटणीचा वारसाही आहे. दापोलीच्या परिसरात पेन्शनर शिपायांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. महाडचा संगर २० मार्च १९२७ चा, तोही कोकणातच. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले. म्हणून कोकणी माणसाला चळवळ ही आपल्या घरची वाटते, आणि गावकीची पंचायत त्याने मुंबईतही टिकवून धरली.

घाटावरच्या माणसाचे दुःख वतन. सातारा, पुणे, नगर, नाशिक या भागात महारकी होती. गावाचे चोवीस तासांचे राबणे आणि बदल्यात जमिनीचा तुकडा नि भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. वतन कायद्याने संपायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. घाटावरच्या माणसाच्या मनात गावचा पाटील अजून बसलेला असतो. पाटील ज्या पक्षाचा, त्या पक्षाशी जमवून घ्यायचे की त्याला पाडायचे, यावरच त्याचे राजकारण फिरते.

विदर्भातला आपला माणूस विणकर होता. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल निघाली, तिथे आपले कामगार मोठ्या संख्येने लागले. मुंबईच्या गिरण्यांत मात्र विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती! नागपूर-चंद्रपूरला १९५६ साली दीक्षा झाली, म्हणून धम्माचा अभिमान तिकडे घरोघर.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. प्रौढ मतदान त्यांनी पहिल्यांदा पाहिले १९५२ साली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि गावेच्या गावे पेटवली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षे मराठवाड्याच्या माणसाने जे सोसले, ते त्याच्या मतात आहे. त्यापूर्वी १९७२ च्या दुष्काळाने त्याला मुंबईच्या उपनगरांत आणून टाकले होते.

चारही दुःखे खरी. चारही वारसे अभिमानाचे. पण चौघांना चार गट मिळाले, आणि तिथे घोडे अडले.

पुढारी आणि प्रांत

रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला झाली. दोन वर्षांच्या आतच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन तट पडले. एकीकडे वकील बी. सी. कांबळे, दुसरीकडे नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड. शिकलेला शहरी आणि धोतरातला खेडूत असा तो झगडा रंगवला गेला. वास्तविक १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह दादासाहेबांच्याच नेतृत्वाखाली झाला होता. पुढे चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे वेगळे झाले. अमरावतीकडचे रा. सू. गवई यांचा गट झाला. नागपूरचे प्रा. जोगेंद्र कवाडे, सांगली जिल्ह्यातून आलेले रामदास आठवले, अकोल्याला कार्यक्षेत्र केलेले अॅड. प्रकाश आंबेडकर, असा हा क्रम चालत आला.

या नावांपुढे जिल्हा लिहून बघा. प्रत्येक गटाचा एक प्रांत आहे. पुढाऱ्यांच्या भांडणाची कारणे वेगळी असतील, त्यात सत्ता आणि जागावाटपही असेल. परंतु आपण सामान्य माणसांनी जो गट धरला तो पुष्कळदा विचार करून धरला नाही. "आपल्या बाजूचा माणूस" म्हणून धरला. हा दोष पुढाऱ्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

हीच गोष्ट मोठ्या पातळीवर जातीजातींत झाली. १९५२ साली मुंबईतून खुद्द बाबासाहेबांचा लोकसभेला पराभव झाला. जिंकले काँग्रेसचे नारायण काजरोळकर, तेही अस्पृश्य समाजातूनच आलेले. महार, चांभार, मांग यांची मते एकत्र यावीत म्हणून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने प्रयत्न केले होते. सोलापूरहून फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडूनही आले, पण पुढे ते काँग्रेसमध्ये गेले. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल असा निकाल दिला. त्यावर आपल्या बाजूने काय म्हणायचे ते म्हणू. पण मातंग बांधवाला आपल्याविषयी अविश्वास का वाटतो, हे त्याच्या घरी जाऊन आपण कधी विचारले काय?

युनियन गेली आणि गावकी परत आली

बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. म्हणून १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तो कामकऱ्यांचा पक्ष म्हणून. खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली आणले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कोकणातले कुणबी आणि महार बरोबर चालले. नोव्हेंबर १९३८ मध्ये कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. गाव एक नसले तरी पोटाचा प्रश्न माणसांना एक करतो, हे त्यांनी करून दाखवले.

आमच्या वडिलांच्या पिढीने हे थोडेफार अनुभवले. कुर्ल्याच्या, साकीविहार रोडच्या मोठ्या कारखान्यांत घाटावरचा, कोकणातला, उत्तर प्रदेशातला कामगार एकाच कॅन्टीनमध्ये जेवत असे आणि एकाच युनियनची पावती फाडत असे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो चिघळला आणि मुंबईच्या कामगाराचे कंबरडे मोडले. हळूहळू मोठे कारखानेही गेले. आज साकीनाक्यात काम आहे ते गाळ्यात. दहा-पंधरा माणसांचा गाळा, ठेकेदाराची हजेरी, ना युनियन ना पावती. मग माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस गावकीचा हात धरतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगाराची गोष्ट वर सांगितली, ती याच कारणासाठी.

मत आंदण जाते तेव्हा

आता घरची गोष्ट सांगतो. आमचे घराणे मंडणगड तालुक्यातले. आमच्या सौभाग्यवतीचे माहेर जालना जिल्ह्यातले, दुष्काळात घाटकोपरला येऊन वसलेले. २००५ साली आमचे लग्न ठरले तेव्हा दोन्हीकडे कुरबूर झाली. आमच्याकडच्या आत्या म्हणाल्या, "घाटावरची पोर आणताय, आपल्यात मुली नव्हत्या का?" तिकडचे मामा म्हणाले, "कोकण्यांत देऊ नका, ते आपल्याला कमी लेखतात." मराठवाड्याची मुलगीसुद्धा आमच्या आत्याला घाटावरचीच! विहारात बुद्धवंदना म्हणून लग्न लागले. त्रिशरण-पंचशील दोघांचे एकच होते, पण पंगतीत दोन बाजू वेगळ्या बसल्या होत्या.

२००९ साली आमचा भाग चांदिवली या नव्या विधानसभा मतदारसंघात आला. यादीत सौभाग्यवतीचे नाव पहिल्यांदाच लागले होते. आम्ही त्यांना चिन्ह सांगितले, त्यांनी बटण दाबले. आम्हाला यात काही वावगे वाटले नाही. आमच्या आईनेही वडिलांना विचारूनच मत दिले होते.

अलीकडे एकदा जेवताना विषय निघाला, तेव्हा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "माझं पहिलं मत तुमचं होतं. माहेरी असते तर अण्णांचं झालं असतं. माझं असं कधी झालंच नाही."

आम्ही पंचवीस वर्षे चळवळीत काम करतो. महिला मेळाव्यात भाषणे करतो. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आम्ही किती वेळा सांगितले असेल! आणि आमच्याच घरात मत हुंड्यासारखे एका घरातून दुसऱ्या घरात आंदण गेले होते. त्या दिवशी आम्हाला घास गिळवेना.

मग एक गोष्ट उमगली. लग्न झाले की मुलीचा गट एका दिवसात बदलतो. मग तो गट रक्तातला कसा? तो घराची सवय आहे, दुसरे काही नाही. आणि सवय घरात बसून बदलता येते.

मत हा बापजाद्यांचा वारसा नव्हे

मत आपल्याला बापजाद्यांकडून मिळालेले नाही, हे एकदा नीट ध्यानात घ्या. आपल्या पणजोबाला मत नव्हते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण भीमरावांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मतदान मागितले. १९३७ च्या निवडणुकीतही मत होते ते मालमत्ता किंवा शिक्षणाच्या अटीवर. झाडूवाल्याला, हमालाला, त्याच्या बायकोला मत मिळाले ते संविधानाने, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत. पूर्वजांनी आपल्याला दुःख दिले, जिद्द दिली, गाणी दिली. मत दिले ते बाबासाहेबांनी. मग ते गावकीच्या नावावर कसे लिहून द्यायचे?

आणि वारसा बदलता येतो, हे तर आपल्याला कुणी शिकवायलाच नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी हजारो वर्षांचा वारसा एका दिवसात उतरवून ठेवला. घरातले देव उचलले, गावकीची कामे सोडली. ज्यांनी देव बदलले त्यांच्या नातवंडांना गट बदलता येत नाही काय?

आपला समाज जागा होतो तेव्हा विचार करून मत देतो, याचे दाखले आहेत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीच्या दिवसांत मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला आणि काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा बांधव गेले. आमच्या सौभाग्यवती तेव्हा शाळकरी होत्या. तो दिवस आजही त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही. १९९६ च्या लोकसभेत महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीला ४८ पैकी ३३ जागा होत्या. १९९८ मध्ये रिपब्लिकन गट एक झाले, काँग्रेसशी समझोता झाला आणि काँग्रेसला ३३, रिपब्लिकनांना ४ जागा मिळाल्या. आंबेडकर, गवई, कवाडे, आठवले हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून गेले! त्या वेळी ओट्यावर बाजू पडल्या नव्हत्या. १९९९ मध्ये पुन्हा निवडणूक लागली आणि गट वेगवेगळ्या वाटांनी गेले, हेही खरेच.

चारशे नऊ

आता आमच्याच मतदारसंघाचा हिशेब. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत चांदिवलीत शिवसेनेचे दिलीप लांडे काँग्रेसचे नसीम खान यांच्यापेक्षा किती मतांनी पुढे होते? ४०९. कोण जिंकले, कोण हरले, हा आमचा मुद्दा नाही. २०२४ मध्ये लांडे पुन्हा निवडून आले तेव्हा अंतर मोठे होते. मुद्दा असा, की ४०९ मते म्हणजे आमच्यासारख्या दोन-चार गल्ल्या. या गल्ल्यांनी एकत्र बसून काय हवे ते ठरवले असते, तर दोन्ही उमेदवारांना ओट्यावर येऊन बसावे लागले असते. पाणी किती वाजता येते, झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र कोण आणि अपात्र कोण, गाळ्यातल्या मुलीला किमान वेतन मिळते की नाही, पालिकेच्या शाळेत शिक्षक किती, हे त्यांना ऐकावे लागले असते. मागणारा विखुरलेला असला की देणारा निर्धास्त असतो.

कुणाला मत द्या, हे या पानावरून आम्ही सांगणार नाही. तो ज्याचा त्याचा विचार. एवढेच सुचवतो. मतदानाच्या आधीच्या एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी, म्हातारी आणि मुली धरून, एकत्र बसावे. प्रत्येकाने आपले कारण सांगावे. "पहिल्यापासून" हे कारण त्या दिवशी चालणार नाही, असा नियम करावा. विहारात चारही बाजूंच्या माणसांनी मिळून मागण्यांचा एक कागद करावा आणि तो प्रत्येक उमेदवाराच्या हातात द्यावा. त्या कागदावर मातंग, चर्मकार, मुसलमान शेजाऱ्याचीही सही घ्यावी, कारण नळ त्याचाही तोच आहे. आणि मतदार यादीत नाव आहे की नाही ते आधी बघावे. नावच नसेल तर बाकी सगळे व्यर्थ.

आमच्या मुलीला यंदा अठरा पूर्ण झाली. नाव नोंदणीचा फॉर्म भरताना ती म्हणाली, "पप्पा, आजोबांचा गट कुठला होता ते मला माहीत आहे. आपल्या नगरसेवकाने काय केलं ते सांगा." आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. पंचवीस वर्षे चळवळीत असून आम्ही ते नीट विचारलेलेच नव्हते. येत्या रविवारी आमच्या घरी बैठक आहे. ओट्यावरच्या काकांनाही बोलावले आहे. ते येतो म्हणाले आहेत.

जयभीम!